शंभर पानांचा आचारी

'आचारी' या शब्दाची फोड करून पाहा, त्यात स्वयंपाक कुठेच सापडत नाही. आचार म्हणजे वागणूक, नेमधर्म. तो पाळणारा तो आचारी. त्याला वरणभात येतो की नाही, याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. माणूस अंघोळ करून, सोवळं नेसून चुलीपाशी गेला आहे आणि मधे कुणाला शिवलेला नाही, एवढीच हमी तो देतो. ती हमी आता लग्नघरात कुणी मागत नाही. शब्द मात्र तसाच राहिला आणि आज सोलापुरात बिर्याणी करणाऱ्यालाही लोक बिनदिक्कत आचारी म्हणतात.

या शब्दाच्या नादाला मी लागलो तो आजोबांच्या वह्यांमुळे. आजोबा सोलापूरच्या चाटी गल्लीत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. (चाटी म्हणजे जुन्या मराठीत कापडविक्या. गल्लीत उभा जन्म काढलेल्यांनाही हे पुष्कळदा ठाऊक नसतं.) घरातल्या प्रत्येक लग्नाची त्यांनी वेगळी वही घातली होती. किराणा, लाकूड, पत्रावळी, मांडव, वाजंत्री, सगळं तारीखवार. आत्याच्या लग्नाच्या वहीत 'आचारीबुवांस विसार' अशी नोंद आहे. धाकट्या काकाच्या वहीत बुवा गळाले, नुसता 'आचारी' उरला. माझ्या लग्नाचा हिशोब वडिलांनी ठेवला, त्यात 'केटरर' आहे आणि त्याच्यापुढे एकच ठोक रक्कम. माणसाचा मान, माणूस आणि मग कंपनी, असा तो उतार वाटतो. पण सोन्याच्या भूतकाळाचं रडगाणं गाण्यात मला रस नाही. ठोक रकमेत आदल्या रात्री शेवटची गॅसची टाकी कुठून आणायची ही चिंता नसते, हे मी अनुभवानं सांगतो.

आधी 'स्वयंपाक' या शब्दाकडेच पाहू, कारण खरी गंमत तिथे सुरू होते. स्वयं म्हणजे स्वतः, पाक म्हणजे शिजवणं. दुसऱ्याच्या हातचं न खाणारा, स्वतःपुरतं स्वतः रांधणारा, त्याचा तो स्वयंपाक. शिवाशिवीच्या काटेकोर जगातला हा शब्द मराठीनं उचलला आणि घराघरातल्या रोजच्या रांधण्याला देऊन टाकला. त्यामुळे हजार माणसांचा स्वयंपाक हा प्रयोग मुळात वदतोव्याघात आहे. आणि 'स्वयंपाकी' म्हणजे जो पगार घेऊन इतरांसाठी शिजवतो! कानडीत याला अडिगे म्हणतात, तेलुगूत वंट. त्या शब्दांना असला काही इतिहास चिकटलेला नाही. तिथे रांधणं म्हणजे रांधणं.

संस्कृतात मात्र मुदपाकखान्यातल्या माणसांची नावं फार नेमकी होती. अमरकोशात त्यांची एक रांगच लावली आहे: सूपकार, बल्लव, आरालिक, आंधसिक, सूद, औदनिक. यातला सूपकार म्हणजे वरणवाला. ओदन म्हणजे भात, तेव्हा औदनिक हा भातवाला. लगेच पुढे आपूपिक येतो, तो अपूप, म्हणजे गोड वडे-घारग्यांच्या जातीचे पदार्थ करणारा. आणि या सगळ्यांच्या वर जो बसतो त्याचं नाव पौरोगव. 'पौरोगवस्तदध्यक्षः', स्वयंपाकघराचा अध्यक्ष. 'पुरो' म्हणजे पुढे. तेव्हा हा पुढारीच. विराटपर्वात अज्ञातवासाची आखणी चालू असताना भीम सांगतो की मी पौरोगव म्हणून, बल्लव हे नाव घेऊन विराटाकडे जाईन. म्हणजे भीमानं नोकरी मागतानाही हाताखालच्या आचाऱ्याची मागितली नाही, हेड आचाऱ्याची मागितली. मला हे फार आवडतं. शिवाय त्यानं घेतलेलं 'बल्लव' हे नाव म्हणजे नुसता हुद्दा आहे. बल्लवाचे अर्थ दोन, गवळी आणि स्वयंपाकी. मराठीत थट्टेनं आपण चांगल्या स्वयंपाक्याला बल्लवाचार्य म्हणतो, त्यात भीमही आला आणि आचार्यही.

पौरोगव कोशातच राहिला. सूपकाराचं नशीब त्याहून बरं. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात आजही महाप्रसाद रांधणाऱ्या सेवकांना सुआर म्हणतात आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या मानकऱ्यांना महासुआर. वरणवाला झिजत झिजत सुआर झाला, पण कामावर हजर आहे.

आमच्या भागाला या विषयात बोलायचा थोडा जास्त हक्क आहे, असं मी गमतीनं म्हणतो. सोलापूरपासून पूर्वेला काही तासांवर बसवकल्याण आहे, म्हणजे चालुक्यांचं कल्याणी. तिथल्या राजा तिसऱ्या सोमेश्वरानं ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. राजानं काय काय उपभोगावं याची ती यादी आहे आणि त्यातला अन्नभोगाचा भाग आजही पाककृती म्हणून वाचता येतो. मांड्यांपासून मांसाच्या प्रकारांपर्यंत सगळं त्यात आहे. राजा स्वतः लिहायला बसला आणि विषय म्हणून जेवण घेतलं, यावरून त्या मुलखाची जिभेची आवड कळते.

त्याच बाराव्या शतकात, त्याच कल्याणीत बसवेश्वरांनी 'दासोह' ही कल्पना रुजवली. कष्ट करून मिळवावं आणि मिळवलेलं समाजाला वाढावं. कायक आणि दासोह. सोन्नलिगे, म्हणजे आताचं सोलापूर, हे सिद्धरामेश्वरांचं गाव. त्या लिंगायत परंपरेत 'आचार' हा शब्द फार वजनदार आहे. लिंगाचार, सदाचार, शिवाचार, भृत्याचार, गणाचार असे पंचाचार, आणि मठाधिपतींच्या नावापुढे शिवाचार्य. त्यामुळे इथल्या कानडी घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे 'आचारी' हा शब्द टाकला की त्याच्या डोक्यात काय उमटेल हे सांगता येत नाही. त्यात कानडीत 'आचारी' म्हणजे सुतार, लोहार, सोनार, थोडक्यात विश्वकर्म्याच्या वंशातला कारागीर. आमच्या वाड्यात कानडी बोलणारी बिऱ्हाडं होती. एकदा मांडवाच्या दिवशी शेजारच्या काकूंनी खिडकीतून 'आचारी बंदार!' अशी हाळी दिली. आई परात घेऊन धावत बाहेर आली, तर दारात करवत घेतलेला सुतार उभा. काकूंनी दाराची चौकट बसवायला बोलावलं होतं. आमचा आचारी त्यानंतर तासाभरानं आला आणि चुलाणाची जागा पसंत नाही म्हणून रुसला.

पूर्व भागात, पद्मशाली वस्तीत, तेलुगू घरच्या लग्नाला गेलात तर हेड आचाऱ्याला 'वंट मास्टर' म्हणतात. शिवणारा मास्टर, चहा करणारा मास्टर, तसाच हाही. तिथेही 'आचारी' म्हणून हाक मारली तर लोकांना ते आडनाव वाटतं. विश्वब्राह्मण मंडळींत चारी आणि आचारी अशी नावं असतातच. गुजराती-मारवाडी पेढीवाल्यांच्या घरी स्वयंपाकी म्हणजे महाराज. आणि विजापूर वेशीकडे गेलं की बावर्ची.

बावर्चीचा प्रवास या सगळ्यांत लांबचा. चंगेजखानाच्या खास पहारेकऱ्यांत बाउर्ची नावाचे अधिकारी होते. खानाच्या ताटाची जबाबदारी त्यांच्याकडे, आणि ज्याच्या हातात राजाचं ताट त्याच्या हातात राजाचा जीव. म्हणून मान मोठा. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीत 'बावर' म्हणजे भरवसा, म्हणून बावर्ची म्हणजे भरवशाचा माणूस, असं सांगणारे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ती जुळवाजुळव असेल, पण भाव अगदी बरोबर पकडला आहे. अकबराच्या पाकशाळेच्या प्रमुखाला मीर बकावल म्हणत. हकीम हुमाम या पदावर होता, म्हणजे वैद्यच पाकशाळेचा मुख्य. आईन-ए-अकबरीत वर्णन आहे की सोन्याचांदीची ताटं लाल कापडात आणि तांब्याची, चिनीमातीची पांढऱ्या कापडात बांधायची, गाठीवर मीर बकावलाचा शिक्का मारायचा, मगच ती बादशहापर्यंत जायची. आज घरपोच जेवणाच्या पिशवीवर चिकटपट्टी लावून 'ही फाटली असेल तर घेऊ नका' असं छापतात, त्याचा हा पूर्वज.

खानसामा हाही मुळात स्वयंपाकी नव्हता. खान-ए-सामान, म्हणजे सामानाचा अधिकारी. कोठीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला तो. साहेबाच्या बंगल्यात येईपर्यंत तो कोठीवरून चुलीवर उतरला. आपल्या मुदपाकखान्याचीही तीच कथा. मूळ अरबी 'मतबख'. मराठीच्या कानाला त्यात काही अर्थ लागेना, तेव्हा तिनं त्यात स्वतःचा 'पाक' घुसवून घेतला. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत पिलखाना, जामदारखाना यांच्या शेजारी मुदपाकखाना आहे. आता हॉटेलच्या मागच्या बाजूला भटारखाना असतो आणि त्यातल्या मुख्याला वस्ताद म्हणतात. तो मूळचा फारसी उस्ताद, तालमीतून आलेला.

आणि शेवटी शेफ. नव्या हॉटेलांच्या फलकांवर, मुलांच्या तोंडी, दूरदर्शनच्या स्पर्धांत सगळीकडे शेफ. फ्रेंचमध्ये शेफ म्हणजे प्रमुख. लॅटिनमधल्या 'कापुत', म्हणजे डोकं, या शब्दापासून. 'शेफ द क्विझीन' असा पूर्ण शब्द होता, पाकशाळेचा प्रमुख. इंग्रजीनं एकोणिसाव्या शतकात तो घेताना पाकशाळा गाळली आणि प्रमुख तेवढा ठेवला. नामवंत फ्रेंच शेफ ऑगस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्याचा आचारी म्हणून काम केलं होतं आणि पुढे हॉटेलच्या स्वयंपाकघराची रचनाही पलटणीसारखी केली: एक वरचा शेफ, त्याच्या हाताखाली सॉसचा, मांसाचा, भाज्यांचा असे विभागवार शेफ.

तर आचारीत आचार आहे, महाराजात मान, बावर्चीत भरवसा, खानसाम्यात कोठी, वस्तादात गुरुपण, शेफमध्ये डोकं. रांधण्याचं नाव कुणीच काढत नाही. जेवणाऱ्याला ज्याची धास्ती किंवा ज्याचा तोरा, ते त्या त्या नावात आलं. विटाळ होईल का, विष असेल का, सामान चोरीला जाईल का, आणि अलीकडे, हॉटेल पुरेसं महागडं आहे का.

हेड आचारी नेमकं करतो काय, हे मला कळलं ते लहानपणी चुलाणाशेजारी बसून. आमचे आचारीबुवा दारात आल्या आल्या एकच प्रश्न विचारायचे, 'पानं किती?' माणसं किती असं नाही. पान म्हणजे वाढलेलं ताट, आणि पानात दुसऱ्यांदा घेणारा, टाकणारा, डबा नेणारा सगळे धरलेले असतात. मग यादी. ती ते तोंडी सांगत आणि आजोबा लिहीत. शंभर पानांना दहा किलो तांदूळ हा सरधोपट हिशोब. पण पंगतीत ज्वारीची भाकरी असेल तर भाताला कात्री, आणि सोलापुरात भाकरी असतेच. मंगळवेढ्याची ज्वारी असेल तर भाकरी अजून एक जास्त धरायची, असं ते म्हणत. शेंगाची चटणी यादीत नसे. ती घरची असते असं गृहीतच.

दहाच्या दसपट शंभर होतात, पण दहा माणसांच्या भाताच्या पाण्याच्या दसपट पाणी शंभरांच्या टोपात घातलं की पेज होते. मोठ्या टोपात वाफ त्या मानानं कमी उडते आणि उष्णता कोंडून राहते. म्हणून ते कणी राहिली असतानाच टोपाखालचा विस्तव ओढायला लावत. राहिलेलं काम भात स्वतःच्या उष्णतेवर करी. तिखटाचंही तसंच, आकड्यानं वाढवलं की जळजळतं. हाताखालची माणसं चिरत, वाटत, ढवळत; मीठ मात्र ते स्वतः घालत. आमच्याकडे त्याला मिठाचा हात म्हणतात आणि तो एका स्वयंपाकात एकाचाच असावा लागतो. दोघांनी घातलं तर दोघंही 'तुम्ही घातलंत असं वाटलं' म्हणून मोकळे.

आणि ते चव घेत नसत. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हा आचार. म्हणजे ज्या बंधनानं त्यांना नाव दिलं, त्याच बंधनानं त्यांची जीभ बांधून टाकली होती. ते आमटीवर वाकत, हातानं वाफ नाकाकडे ओढत आणि 'अजून मूठभर' म्हणत. फोडणीचा वास, वरणाचा पळीवरून पडताना होणारा आवाज, तर्रीचा रंग यांवरून ठरे. सोवळ्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. त्या शब्दानं किती माणसांना चुलीपासून आणि पंगतीपासून लांब ठेवलं हे सर्वांना माहीत आहे. २०१७ मध्ये पुण्यात सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी जात लपवली म्हणून एका स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली होती, तेव्हा हे प्रकरण जुनं झालं असंही म्हणवत नाही. तरीही ते नाक मी विसरू शकत नाही. पुढे विजापूर वेशीत एका बावर्चीला देगीच्या झाकणाला कान लावून बसलेला पाहिला. आतला आवाज 'बदलला' की निखारे काढायचे, असं तो म्हणाला. बुवांना आणि त्याला एकमेकांच्या हातचं खाऊ घालायची हिंमत त्या काळात कुणी केली नसती. कामाची पारख मात्र दोघांची एकाच शाळेतली होती.

आता त्या वह्यांत जे नाही त्याबद्दल. आचारीचं स्त्रीलिंग काय? आचारीण म्हणजे फार तर आचाऱ्याची बायको. लग्नात सगळ्यात जास्त वेळ आगीपाशी कोण बसतं, तर भाकरी-पोळ्या करणाऱ्या बाया. पहाटे चारपासून पंगत उठेपर्यंत. आजोबांच्या वहीत त्यांची नोंद आहे 'बायका' या शीर्षकाखाली. आचारी, वाढपी, पाणक्या यांना कामाची नावं, आणि या नुसत्या बायका. ठोक रकमेच्या काळात तर तीही नोंद गेली.

त्यांच्यातही एक मुख्य असतेच. पीठ किती भिजवायचं, कुणाचा हात भाजला तर तिच्या जागी कुणाला बसवायचं, कडक भाकरीसाठीचा तवा वेगळा कधी काढायचा, हे तीच ठरवते. ज्वारीच्या पिठाला चिकाटा नसतो. गरम पाण्याचा अंदाज चुकला की भाकरी थापताना काठ फाटतात, आणि दर पोत्याचं पीठ वेगळं वागतं. आमच्या पुतणीच्या लग्नात हे काम करायला विडी घरकुलाकडून आलेल्या मावशी होत्या. दिवसा विड्या वळायच्या आणि लगीनसराईत भाकरी. पहिली मूठ मळूनच त्यांनी सांगितलं, 'ही ज्वारी जुनी हाय, पाणी वाढवा.' केटररनं पाठवलेला, पांढरी टोपी घातलेला पोरगा शेफ म्हणून मिरवत होता. त्यानं निमूटपणे पाणी वाढवलं.

भाकरीवाली. तुलना करून पाहिली तर हे नाव सूपकार-औदनिकाच्या घराण्यातलं आहे. वरणवाला, भातवाला, भाकरीवाली. काम काय ते सरळ सांगणारं. फक्त तिच्यातून पौरोगव कधी निवडला गेला नाही, आणि निवडला असता तर त्याला काय म्हणायचं हेही कुणी ठरवलं नाही. अलीकडे सोलापुरात बायकांच्या बचत गटांनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे पाकिटात भरून विकायला सुरुवात केली आहे. तिथे अध्यक्ष, सचिव अशी पदं असतात, कारण बँकेच्या कागदावर ती लागतात. चुलीवरचं पद अजून रिकामंच आहे.

त्या लग्नाचा हिशोब मी आजोबांच्या पद्धतीनं वहीत लिहायचं ठरवलं होतं. मावशींना विचारलं, तुमच्या नावापुढे काय लिहू, मुख्य आचारी लिहू का? त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, 'नाव काय बी लिवा. शेकड्याचा दर तेवढा नीट लिवा, मागच्या लग्नात भाकरी मोजताना दोन चवडी कमी धरल्या होत्या.' मी दर लिहिला, भाकरी त्यांच्यासमोर मोजून घेतल्या आणि त्यांना लिहिलेलं वाचून दाखवलं. रकाना 'आचारी'चाच ठेवला. त्यात पहिली ओळ त्यांची, दुसरी टोपीवाल्याची.